आई बदाम सात शिकते

नाना, आज दुपारी आईने मला बदाम सातच्या डावात हरवलं. हे कुणाला सांगावं तर तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. पण पत्ते वाटताना तुम्ही अंगठ्याला थुंकी लावायचात आणि आई चुलीपुढून ओरडायची, ते मात्र लगेच आठवतं. तुम्ही पलटणीतून सुट्टीवर आलात की कडेगावच्या स्वयंपाकघरात जेवणं उरकल्यावर घोंगडं पडायचं. तुम्ही, दादा आणि मी. एका सुट्टीत तुम्ही कॅन्टीनमधून पत्त्यांचा कोरा जोड आणलात आणि दादाला सोडून माझ्या हातात दिलात. "पोरीच्या जातीला कशाला ह्यो नाद?" आई म्हणाली. तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत. त्या सबंध सुट्टीत मी एकही डाव जिंकले नाही. एकदा तर रडत सगळे पत्ते चुलीच्या राखेत भिरकावले. आईला माझी दया आली. "आवं, लेकरू हाय. एक डाव हरा की." तुम्ही म्हणालात, "मी मुद्दाम हरलो तर ती जिंकायची कशी?" आणि मग माझ्याकडे वळून, "गोळा कर पत्ते. खेळता येत असताना पास म्हणायचं न्हाई, आन् रडायचं तर डाव संपल्यावर." मला तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस तुमच्या ताटात मी भाकरी वाढली नाही. पुढे जिंकायलाही शिकले, ते त्या रागावरच.

आई कधी खेळली नाही. चौथं माणूस हवं असायचं, तुम्ही हाक मारायचात, ती म्हणायची, "मला न्हाई जमायचं. तुमचं चालू द्या." तुमच्यानंतर ती कडेगावला एकटी राहिली. ऊस भाऊबंदांनी बघायचा, घर तिने. मग यंदा थंडीत तिला अर्धांगाचा झटका आला आणि मी तिला साताऱ्याला माझ्याकडे घेऊन आले. बोलणं लवकर सुधारलं, उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रबरी चेंडू दिला, तो आईने खाटेखाली सरकवून दिला. "बारक्या पोरावानी चेंडू दाबत बसू व्हय?" मीही हट्टाला पेटले. परातीत तांदूळ भरले, त्यात पत्ते उभे खोचले आणि तिच्यापुढे ठेवून सांगितलं, पत्ता उजव्याच हाताने उचलायचा. तिसरी माझी लेक, कॉलेजातून आली की बसायची. पहिल्या दिवशी बदामाची सत्ती उचलून खाली टाकेपर्यंत माझा चहा निवला. आईच्या कपाळावर घाम आला होता. मी हात पुढे केला नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही केला नसतात.

खेळ तसा सोपा, आठवड्याभरात तिला कळला. सत्ती पडली की वर अठ्ठी, नव्वी, खाली छक्की, पंजी. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. पण जिंकायचं तर दुसऱ्याला लागणारा पत्ता दाबून ठेवावा लागतो आणि तोवर आपले दुसरे पत्ते खेळावे लागतात. आईला ते मान्यच नव्हतं. आपली पाळी आली की ती आधी विचारायची, "कुणाचं अडलंय?" माझी लेक लाडात म्हणायची, "माझं अडलंय आज्जे, चौकटची अठ्ठी." की आई परातीतून नेमकी तीच उपसून काढायची. मी डोक्याला हात लावला. "अगं आई, अडवायचं असतं!" तर मला म्हणते, "आपल्या पाटानं दुसऱ्याची पाळी चालली असली तर पानी अडवत्यात व्हय? जल्मात केलं न्हाई." उसाच्या रानात आयुष्य काढलेल्या बाईला मी काय समजावणार? ती रोज हरत होती आणि बोटं रोज थोडी सुटत होती. मला तेवढं पुरेसं होतं.

तिला नव्हतं. गेल्या आठवड्यात पत्ते पिसता पिसता ती म्हणाली, "मला कडेगावला सोड." मी म्हटलं, एकटी कशी राहशील? "शेजारी धाकटी जाऊ हाय. आन् हात चालतोय माझा." मी विषय टाळायला लागले, तशी तिने खाली ठेवलेला जोड पुन्हा उचलला. "मी एक डाव जिंकले तर सोडशील?" मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, ही कुणाचं अडवणार नाही आणि ही जिंकणार नाही. वर अशी तयारी ठेवली की तिला एकही डाव फुकट द्यायचा नाही. नाना, तुमच्या शिकवणीचा मी इतका कसून वापर आधी कधी केला नव्हता.

आज दुपारी माझ्या हातात किलवरचे खालचे पत्ते आले, पंजीपासून एक्क्यापर्यंत सगळे. किलवरची सत्ती पडलेली, छक्की कुठे दिसेना. आई बदामाच्या रांगेवर चाललेली. दश्शी, गुलाम, राणी, एकेक पत्ता सावकाश उचलून पुढे. आज तिने कुणाचं अडलंय हे विचारलं नाही. मी पास म्हटलं. लेक कळवळून म्हणाली, "आज्जे, आईचं अडलंय." आईने मान वर केली नाही. "अडू दे." मी पुन्हा पास, पुन्हा पास. शेवटी परातीत एकच पत्ता राहिला. तो तिने दोन बोटांत नीट धरला आणि माझ्यापुढे टाकला, किलवरची छक्की. मग म्हणाली, "परवा सकाळची यष्टी बघ." मी तिच्या त्या हाताकडे बघत राहिले आणि मला भडभडून आलं. आनंद होता, अभिमान होता. शिवाय तिने माझी वाट अडवली याचा रागही होता.

आत ती पिशवी भरतेय. साड्यांच्या घड्या स्वतः घालतेय, मला हात लावू देत नाही. मी तिला सोडायला जाणार आहे, शब्द दिलाय आणि तो मोडणार नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती हरत राहिली असती तर मी तिला कधीच जाऊ दिलं नसतं, आणि सगळ्यांना सांगितलं असतं की तिच्या काळजीपोटी. खरं एवढंच आहे की मी या वयात सकाळी उठते, तेव्हा स्वयंपाकघरात माझ्याआधी कुणीतरी उठलेलं असतं. मला त्याची सवय झालीय.