सुर्ल्याचा प्रिंटर

कारापूर,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

ती. कमलाक्षीआत्येस विनिताचा नमस्कार.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, की सुर्ल्याच्या वजनकाट्यावरचा संगणक प्रज्योतच्या चुकीमुळे अडकला. ते पूर्ण खरं नाही. म्हणजे, अजिबात खरं नाही. तुझा गुडघा कसा आहे? पोह्यांचा डबा पोचला.

संगणक झोपण्याआधी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला विचारतो, 'झोपू का?' त्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारा छोटा प्रोग्रॅम, 'हो' किंवा 'थांब' म्हणतो. प्रिंटरचा ड्रायव्हर प्रज्योतने लिहिला. पण हे निरोप कसे द्यायचे-घ्यायचे, ते मी ठरवलं.

उत्तरच आलं नाही तर? मला आपला जत्रेचा टेम्पो आठवला. तू एकेकाचं नाव घेतेस, 'ओ' आल्याशिवाय टेम्पो हलत नाही. शंभूकाका आधीच रिक्षाने गेले होते, तरी आपण तासभर त्यांची वाट पाहिली. तोच नियम मी लिहिला.

प्रिंटर दुरुस्तीला नेलेला, नाव मात्र यादीत तसंच. जेवणाच्या सुट्टीत संगणक झोपायला निघाला आणि अडला. पडद्यावर माझंच अदबशीर वाक्य: 'कृपया थांबा. एक सदस्य अजून तयार नाही.' बाहेर बावीस ट्रक. लग्नाची वरात अडल्यासारखं एका ट्रकवाल्याने काट्यावरच्या गौरवीला विचारलं, "कोण उरला गो? न्हवरो?"

आमचे साहेब प्रशांतसर म्हणाले, "प्रज्योत, तुझा प्रिंटर बहिरा काय रे?"

"बहिरो न्हय सर, तो थंय नाच, दुरुस्तीक गेला!"

सगळे हसले. मीही. मग सरांनी मला विचारलं, "विनिता, तुझ्याकडचं बरोबर ना?" मी बाटली उघडून बराच वेळ पाणी प्यायले. त्यांनी ते 'हो' धरलं.

आता प्रज्योतला ग्राहकांचे फोन घ्यायला बसवणार. फोनवर तो भांडतो, महिन्यात नोकरी घालवेल. त्यात तू माझं पत्र सप्तकोटेश्वराच्या देवळात त्याच्या आईला वाचून दाखवलंस! तो मला एवढंच म्हणाला, "तुझी आत्या बरी वाचता गो."

नियम मी सुधारलाय: दोन सेकंदांत उत्तर नाही, तर ते यंत्र गैरहजर धरायचं. प्रोग्रॅममध्ये तो गुपचूप घालता आला असता. पण बदलाखाली कारण लिहावं लागतं, आणि खोटं कारण लिहिता येईना. मला अक्षरं तू शिकवलीस, तीही खोडरबर न देता.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र शंभूकाकांबरोबर पाठवते. प्रज्योतच्या आईला इतक्यात काही सांगू नकोस. आधी मला त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगू दे. आशीर्वाद त्यानंतरच दे. त्याची बदली दुपारी आहे, आमची बैठक त्याआधी: सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ.

तुझी,
विनिता