अकरा गाड्या धुऊ नयेत याबाबत

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
जुनी व बेवारस वाहने शाखा,
जिल्हा वाहन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बंद खाणीच्या शेडमध्ये सापडलेल्या अकरा जुन्या मोटारगाड्या दि. १९ रोजी धुण्याचे काम थांबवून, त्यापूर्वी आपण स्वतः जागेवर येऊन पाहणी करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३ ऑगस्ट व दि. २९ ऑगस्ट.
२) आपले पत्र दि. ७ ऑक्टोबर, जे वाचून हा तिसरा अर्ज लिहावा लागत आहे.

महोदय,

१. मी मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवते. आपल्या खिडकीवरील कारकून दोन्ही वेळा मला म्हणाले, "बाई, मेकॅनिकला पाठवा." मेकॅनिक मीच आहे, याची कृपया नोंद घ्यावी. दि. २८ जुलै रोजी खाणीच्या जुन्या रस्त्यावर बंद पडलेला ट्रक पाहण्यास गेले होते. रेडिएटरसाठी पाणी शोधत ओढ्याने खाली उतरले, तर झुडपांत एक पत्र्याची शेड दिसली. तिचे दार बिजागरीतून निखळून एका अंगावर आले होते. आत दोन रांगांत अकरा मोटारगाड्या होत्या. लांब बॉनेटच्या, मडगार्डांवर दिवे बसवलेल्या, दारांखाली पाय ठेवायला पट्ट्या असलेल्या. वीस वर्षे हातात पाना आहे, पण असले काही पाहिले नव्हते. खरे सांगते, पहिल्यांदा नुसता आनंद झाला.

२. मग त्या कशा ठेवल्या आहेत ते पाहिले. चाके काढून गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या. रेडिएटरचे पाणी सोडून दिलेले. सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेला कापडी बोळा. आणि प्रत्येक वायपर काचेपासून उचलून खाली लाकडाची चिपटी सरकवलेली, म्हणजे रबर काचेला चिकटू नये. चोर माल टाकून पळतो, त्याच्या वायपरखाली चिपट्या घालत बसत नाही. चिपटी घालणारा या धंद्यात मला एकच माणूस माहीत आहे. ते माझे वडील.

३. वडील कोण, हे आपल्या कार्यालयास माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. चोरीच्या वाहनांच्या नोंदवहीत "अकरा मोटारी पळवणारा चालक" म्हणून त्यांचेच नाव आहे. एकतीस वर्षांपूर्वी ते एका हौशी मालकांकडे चालक होते. सरकार जुन्या गाड्या ताब्यात घेणार अशी तेव्हा आवई उठली. मालकांनी आपल्या गाड्या वडिलांकरवी या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. पुढे चौकशी आली, मालक घाबरले आणि चालकाने गाड्या पळवल्या अशी तक्रार देऊन मोकळे झाले. वडिलांना मात्र मालकांचा आतून निरोप, की आठ दिवस तोंड उघडू नकोस, सोडवतो. वडिलांनी शब्द दिला. आठ दिवसांची तुरुंगात सव्वादोन वर्षे झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सुटून आल्यावर गल्लीत वडिलांचे नाव पडले "अकरा". अकरा आला, अकरा गेला. माझी आई वारली तीही अकराची बायको म्हणूनच. वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. माझ्या गॅरेजात स्टुलावर बसून कार्ब्युरेटर साफ करतात, पण तुरुंगातून सुटल्या दिवसापासून स्टिअरिंगला त्यांनी हात लावलेला नाही.

४. आता मुद्द्याचे. गॅरेजात कागद टिकत नाही, तेलाने भिजतो. म्हणून काम काय, कोणाच्या सांगण्यावरून आणि तारीख, हे आम्ही साबणाच्या कोरड्या वडीने गाडीच्या काचेवर आतून लिहितो. माझे वडील त्याच्याही पुढचे. खाली मालकाची सही झाल्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत, मग मालक कितीही मोठा असो. त्या गाड्यांच्या काचांवर आतून लिहिलेले आहे : "मालकांच्या हुकमावरून सहा महिने ठेवली." खाली मालकांची सही आणि तारीख आहे. मालकांनी चोरीची तक्रार दिली ती त्या तारखेनंतर नऊ दिवसांनी. यापुढे एक अक्षर बोलायची गरज पडू नये.

५. पण एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगते. गाडी समोर आली की आधी काच पुसायची, हे आमच्या हातांना लागलेले वळण आहे. पहिल्या गाडीत चढले आणि ओल्या फडक्याने काच लख्ख पुसून काढली. दुसरीत चढल्यावर अक्षरे दिसली. मी तिथेच बसून डोके धरून रडले. आता लेखी पुरावा दहाच गाड्यांचा आहे. यावर आपले कारकून म्हणाले, दहा सुटतील, पण अकराव्या गाडीची चोरी कायम राहील. म्हणजे माझ्या बापाने दहा गाड्या हुकमाने ठेवल्या आणि शेजारी मोकळी जागा दिसली म्हणून एक चोरून आणून लावली, असे समजायचे काय?

६. दि. ३ ऑगस्टच्या अर्जात मी हे सर्व प्रामाणिकपणे कळवले. उत्तर आले की पाहणी फक्त कार्यालयाच्या आवारात, सकाळी दहा ते बारा या वेळात होते. वाहन चालत्या स्थितीत व "आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन" आणावे. महोदय, गाड्यांना चाके नाहीत. शेडपासून पक्का रस्ता सात किलोमीटर आहे आणि मधे ओढा आहे. मी दुसरा अर्ज केला, छायाचित्रे जोडली. उत्तर आले की मोबाइलवरील छायाचित्र ग्राह्य नाही, वाहन समक्ष हवे, आणि समक्ष म्हणजे धुतलेले. पुरावा पाहायचा असेल तर आधी तो पुसून आणा, असला हा नियम. तो कोणी लिहिला ते मला कळवावे, त्यांना एकदा भेटायचे आहे.

७. दि. ७ ऑक्टोबरच्या पत्राने मात्र कहर केला. त्यात लिहिले आहे की "चालकाने वाहने लपवून ठेवल्याचे आता निष्पन्न झाले असून" ती मालकांच्या चिरंजीवांना परत देण्यात येतील. त्यासाठी दि. १९ रोजी ठेकेदार पंप घेऊन जागेवर जाऊन सर्व वाहने धुऊन काढील. म्हणजे एकतीस वर्षे जे कोणाला सापडले नाही ते मी शोधून आपल्या टेबलावर ठेवले, आणि आपण ते उचलून माझ्याच बापाच्या डोक्यात घातले. आणि त्या ओढ्यापार पंप जातो, टाकी जाते, चार माणसे जातात, फक्त अधिकारी जाऊ शकत नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी त्या दिशेला न्यावा.

८. मालकांच्या चिरंजीवांबद्दल माझी तक्रार नाही. गाड्या त्यांच्या आहेत, खुशाल न्याव्यात. मला एकही गाडी नको, बक्षीसही नको. मला त्या नोंदवहीतली एक ओळ खोडून हवी आहे, आणि वडील जिवंत असताना हवी आहे. ते गेल्यावर खोडलीत तर वरातीमागून घोडे.

९. ओळ खोडण्यासाठी ज्याच्या नावावर नोंद आहे त्याचे संमतीपत्र लागते, असे खिडकीवर सांगण्यात आले. मी वडिलांना छायाचित्रे दाखवली. बराच वेळ पाहून त्यांनी एवढेच विचारले, "चिपट्या अजून आहेत ना जागेवर?" संमतीचा कागद पुढे केला तर हात मागे घेतला. म्हणाले, शब्द दिलाय. मी म्हटले, ज्याला दिला तो मालक बारा वर्षांपूर्वी मेला. ते म्हणाले, "माणूस गेला म्हणून शब्द जात नाही." मी म्हटले, आईसुद्धा गेली. मग ते उठून बाहेर गेले. तेव्हा महोदय, माझा राग काही एकट्या आपल्यावर नाही. पण वडिलांवर मला अर्ज करता येत नाही, म्हणून आपल्यावर केला आहे.

१०. खटल्यात त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : गाड्या कुठे आहेत? त्या कोणी ठेवायला सांगितल्या, हे वकिलानेही विचारले नाही, न्यायाधीशानेही नाही, आपल्या कार्यालयानेही नाही. ते काचेवर लिहिलेले आहे. वाचायला पाच मिनिटे लागतात.

सबब मागणी की, दि. १९ पूर्वी आपण स्वतः जागेवर यावे. ओढ्यापलीकडे मी आपणांस पाठीवर घेऊन जाईन, वजन कितीही असो, इंजिने उचललेली आहेत. न आल्यास दि. १९ रोजी सकाळी सहापासून मी शेडच्या दारात उभी असेन. पंपाचे पाणी आधी माझ्या अंगावर पडेल, मग गाड्यांवर. यास शासकीय कामात अडथळा म्हणतात हे मला ठाऊक आहे. तशी नोंद करायची असल्यास खुशाल करावी, त्या नोंदवहीत आमच्या घराला जागा आहेच.

आपली, आजपर्यंत नम्र,

(सही)
गॅरेजची चालक व मेकॅनिक,
नोंदवहीतील चालकाची थोरली मुलगी.
दिनांक : ११ ऑक्टोबर

सोबत जोडले आहे :
१) दहा गाड्यांच्या काचांची छायाचित्रे (ग्राह्य नसली तरी पाहावीत).
२) पुसलेल्या अकराव्या काचेचे छायाचित्र व माझा कबुलीजबाब.
३) मालकांच्या तक्रारीची नक्कल, सही जुळवून पाहण्यासाठी.
४) वडिलांचे संमतीपत्र : जोडलेले नाही. ते देणार नाहीत. मालकांनी गाड्या ठेवायला निवडला होता तो हाच माणूस.