परीक्षेपुरती उसनी घड्याळं

मी, सौ. साधना श्यामकांत उपासनी, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त, राहणार गार्चिंग, म्युनिकच्या उत्तरेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराचं म्हणाल तर उजवा गुडघा सोडून बाकी सगळं जागच्या जागी आहे. त्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या तीन जूनला आहे आणि इस्पितळाच्या फॉर्मवर ‘आपण आपली निरवानिरव करून ठेवली आहे का’ असा एक रकाना होता. त्यात ‘नाही’ लिहायची मला लाज वाटली. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म परत पाठवले आहेत.

हे मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. आमच्या यजमानांनी तर “आत्ताच काय घाई आहे?” असंच विचारलं. लग्न झाल्यापासून ते प्रत्येक गोष्टीला हेच विचारत आले आहेत.

इथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र सबंध हाताने लिहिलेलं असलं की पुरतं. भाषा कुठलीही चालते, साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र मला अक्षतांशिवाय लग्नासारखं वाटतं, म्हणून शेवटी दोन घेतले आहेत.

कलम १. गार्चिंगचं राहतं घर आमच्या दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा अर्धा हिस्सा माझ्यामागे यजमान श्यामकांत यांचा, आणि त्यांच्यामागे आमचा एकुलता मुलगा वेदांत याचा. बाल्कनीतली कढीलिंबाची कुंडी घराचा भाग समजू नये. ती तळमजल्यावरच्या फ्राऊ झेडलमायर यांना द्यावी. आमच्या घरात ती मी गेल्यावर आठवडाभरही टिकणार नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते याच क्रमाने. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

कलम ३. माझं सोन्याचं मनगटी घड्याळ. हे सासूबाईंनी मला लग्नात घातलं होतं. १९७९ साली आम्ही पुण्याला गेलो असता माझ्या नणंदबाई कुसुमवन्सं यांनी ते ‘आमचा घड्याळजी फार चांगला आहे, दुरुस्त करून पाठवते’ असं म्हणून ठेवून घेतलं. घड्याळजी अजून दुरुस्त करतो आहे. सदर घड्याळ मी या पत्रान्वये कुसुमवन्संना देत आहे. त्यांच्याकडे आहेच, आता त्यांचंही झालं. यापुढे लग्नाकार्यात मला बघून त्यांनी मनगटावर पदर ओढून घ्यायची गरज नाही.

कलम ४. घड्याळांचा डबा. मृत्युपत्र लिहायला बसले ती खरं म्हणजे याच्यासाठी.

नवख्या माणसासाठी सांगते. मी इथल्या विद्यापीठाच्या परीक्षा कचेरीत, म्हणजे प्र्युफुंग्सआम्टमध्ये, गेल्या वर्षापर्यंत नोकरी केली. लेखी परीक्षांना लागतील तेव्हा आम्हीच सुपरव्हिजन करायचो. मुलांचे मोबाईल आले आणि त्यांतून कॉप्या सुरू झाल्या, तेव्हा नियम झाला की मोबाईल बंद करून दप्तरात आणि दप्तर भिंतीशी. नियम चांगला होता. फक्त तोपर्यंत मुलांनी घड्याळं सोडून दिली होती. आम्ही फळ्यावर सुरुवातीची आणि शेवटची वेळ खडूने लिहायचो, मधली वेळ ज्याची त्याने पाहायची. मुलं सवयीने मनगट वळवायची आणि तिथे नुसतं मनगट असायचं. मग दर पाच मिनिटांनी एक हात वर. “किती वाजले?”

जुलै २००३ पासून मी लेबकुखनच्या, म्हणजे नाताळच्या बिस्किटांच्या, रिकाम्या डब्यात सात घड्याळं घेऊन जायला लागले. वहीत नाव लिहायचं, घड्याळ घ्यायचं, पेपरबरोबर परत करायचं. पहिल्या दिवशी सातही पाच मिनिटांत गेली. आज एकेचाळीस आहेत. काही सहकाऱ्यांच्या खणांतून आली, काही रविवारच्या जुन्या बाजारातून. एका दिवंगत प्राध्यापकांच्या पत्नीने त्यांचं घड्याळ आणून दिलं आणि म्हणाल्या, “जन्मभर परीक्षा घेतल्या, आता बसू देत.” एका मुलाला काट्यांचं घड्याळ वाचता येत नव्हतं. त्याने ते तसं कानाशी येऊन सांगितलं, म्हणून चार डिजिटलही ठेवली आहेत. पाच वर्षांत एकही चोरीला गेलं नाही. एक चुकून शांघायला गेलं, ते पोस्टाने परत आलं, बरोबर चहाची पुडी होती.

आमच्या एका प्राध्यापकांनी याला ‘उपासनीबाईंचा भंगार बाजार’ असं नाव ठेवलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. परंतु २००५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच पेपरला त्यांचा मोबाईल मान टाकून बसला आणि त्यांनी क्रमांक सतराचं घड्याळ उसनं नेलं, याची नोंद वहीत त्यांच्या सहीनिशी आहे.

लोक मला विचारतात, आता हातात घड्याळ घालतं कोण? घालतात. आमचे रेगेन्सबर्गचे स्नेही राजाभाऊ दाबके दोन घालतात, डाव्या हाताला जर्मनीची वेळ, उजव्याला नाशिकची. आमचे यजमान घालत नाहीत. जन्मभर प्रयोगशाळेत सेकंदाचे तुकडे मोजले, आता म्हणतात मोबाईल आहे की. “अहो, किती वाजले?” असं विचारलं की मोबाईल काढतात, मेसेज वाचतात, हसतात आणि परत ठेवून देतात. मग मी पुन्हा विचारते.

डबा, वही आणि सेल बदलायचा छोटा स्क्रूड्रायव्हर मी मैत्रेयी परचुरे हिला देत आहे. ही पुण्याची मुलगी २००४ मध्ये शिकायला आली, पहिल्याच परीक्षेला क्रमांक नऊ घेऊन गेली, आणि आता पीएचडी करता करता स्वतः सुपरव्हिजन करते. तिला सूचना: सेल दर जानेवारीत बदलावेत. प्लॅस्टिकचे पट्टे लावू नयेत, घाबरलेल्या मुलांच्या मनगटाला घाम येतो. डिपॉझिट घेऊ नये. आणि ‘स्वतःचं का आणलं नाहीस?’ हे पेपर सुटेपर्यंत तरी विचारू नये.

कलम ५. डब्यातलं क्रमांक एकचं घड्याळ वेदांतचं आहे. अठराव्या वाढदिवसाला आम्ही घेतलं होतं. त्याने ते उघडून बघितलं, छान आहे म्हणाला, आणि जर्मनमध्ये, जिथे आईची ‘मामा’ होते, पुढे म्हणाला, “पण मामा, आता हे कोण घालतं? माझ्या मोबाईलमध्ये आहे ना.” हे घड्याळ आठवण म्हणून त्याला देऊ नये. तो वापरणार नाही, आणि क्रमांक एक सर्वांत अचूक चालतं. ते डब्यातच राहू द्यावं.

कलम ६. पुढील मजकूर मी प्रतिज्ञेवर लिहीत आहे.

१४ फेब्रुवारी २००३ रोजी मेकॅनिक्सचा पेपर होता. वेदांतची ती तिसरी आणि शेवटची संधी होती. इथे तिसऱ्यांदा नापास झालं की तो विषय संपतो आणि त्याबरोबर शिक्षणही. त्या दिवशी आमच्यातला एकजण तापाने आजारी पडला म्हणून मला आयत्या वेळी त्या हॉलवर पाठवलं. माझा मुलगा आत आहे हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तीनशे मुलं आहेत, तुम्ही दुसऱ्या बाजूला उभ्या राहा. मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले. वेदांत दुसऱ्या बाजूलाच बसला होता.

तास उलटल्यावर त्याच्या बाकाखाली उजेड दिसला. मी जाऊन पाहिलं तर त्याच्या हातात मोबाईल होता. तो म्हणाला, “मी फक्त वेळ बघत होतो.” मी मोबाईल काढून घेतला आणि अहवालात लिहिलं: आसन क्रमांक ११४, हातात मोबाईल. मोबाईल उघडून कोणी पाहत नाही, तसा नियमच आहे, हातात असला की पुरे. पेपर रद्द झाला. एप्रिलमध्ये वेदांत हॅम्बर्गला निघून गेला आणि बंदरातल्या फेरीबोटींवर काम शिकायला लागला. तीन वर्षं तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही.

त्याच्या हातात घड्याळ नव्हतं, म्हणून त्याने मोबाईल काढला. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ‘हातात मोबाईल’ हे खरं होतं. ‘वेळ पाहत होता’ हेही खरं होतं, ते मी लिहिलं नाही. पुढे मी साहेबांकडे तसा अर्ज घेऊन गेले. त्यांनी विचारलं, “मोबाईल हातात होता की नव्हता?” होता. “मग झालं.” त्यानंतर मी घड्याळं जमवायला लागले.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये मी यजमानांना न सांगता हॅम्बर्गला गेले आणि नदीपलीकडच्या फिंकेनवेर्डरला जाणाऱ्या बोटीवर जाऊन बसले. दोर टाकायला आला तो वेदांत. पावसाने भिजलेलं नारिंगी जाकीट. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तिकीट काढलंस?”

“काढलं.”

“मग बस. उतरू नकोस, मी सहाला सुटतो.”

मी त्या बोटीतून चार वेळा फिंकेनवेर्डरला गेले आणि चार वेळा परत आले. सहानंतर आम्ही धक्क्यावर मासे खाल्ले. त्या विषयावर तो बोलला नाही, मीही नाही. तेव्हापासून तो फोन करतो.

~~सबब, वेदांत निर्दोष होता असं मी जाहीर करते. माझ्या मृत्यूनंतर या कलमाची जर्मन प्रत परीक्षा कचेरीला द्यावी आणि त्याच्या नावावरचा ठपका पुसावा अशी विनंती करावी.~~

कलम ७. कलम सहापर्यंत लिहून झालं आणि गेल्या रविवारी, पेंटेकोस्टच्या सुटीला, वेदांत घरी आला. त्याला मराठी कळतं, पण वाचायला त्रास होतो, म्हणून मीच त्याला वाचून दाखवलं. मध्ये मध्ये दोडकेही चिरत होते. कुसुमआत्याच्या घड्याळाला तो हसला. कलम सहाच्या शेवटी त्याने जर्मनमध्ये म्हटलं, “मामा, हे शेवटचं खोड.”

“का? खरं आहे ते.”

“नाही. मी वेळ बघत नव्हतो.”

मी सुरी खाली ठेवली.

“म्हणजे वेळ पण बघितली,” तो म्हणाला. “पण आधी फॉर्म्युले बघितले. आदल्या दिवशी मेसेजमध्ये लिहून ठेवले होते. तू ते कचेरीला पाठवलंस तर मला जन्मभर खोटं वागावं लागेल.”

मी दोडके चिरून संपवले. डोकं तापलं होतं ते लपवत नाही. पाच वर्षं मी या मुलाला चिवड्याची पार्सलं पाठवत होते, प्रत्येक पार्सलात एक माफी घालून.

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

“आधी लाज वाटत होती. मग तू घड्याळं वाटायला लागलीस. सांगितलं तर तू बंद करशील असं वाटलं.”

“आणि तीन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस ते? चूक तुझी होती तर राग कसला?”

त्याने टेबलावरचे दोडक्याचे देठ एका रेषेत लावले. मग मराठीत बोलला, क्वचितच बोलतो तसा, एकेक शब्द शोधत. “तू मला ‘झी’ म्हणालीस. मोबाईल घेताना. ‘तुमचं ओळखपत्र दाखवा.’ मला. तू माझी आई ना.”

‘झी’ म्हणजे जर्मनमधलं परक्या माणसाला म्हणायचं ‘अहो’. मला हे अजिबात आठवत नव्हतं. मी प्रत्येक परीक्षार्थीला तसंच म्हणायचे, सव्वीस वर्षं म्हणत आले होते. पण त्याने सांगितल्यावर माझाच आवाज मला ऐकू आला.

आतल्या खोलीतून यजमानांनी विचारलं, “आल्झो, चला, जेवायचं का?” आम्ही जेवलो. वेदांतने दोनदा भाजी घेतली. इस्पितळात न्यायला तो दोन तारखेलाच रजा काढून येणार आहे.

म्हणून कलम सहाचा शेवट खोडला आहे. प्रत कचेरीला देऊ नये, माझा तेव्हाचा अहवाल बरोबर होता. घड्याळं माझ्या चुकीच्या समजुतीतून जमली असली तरी कलम चार जसंच्या तसं राहील, मुलांना वेळ बघायची असतेच. आणि खोडलेल्या मजकुराच्या जागी पुढील मजकूर धरावा:

मी माझ्या मुलाला तीनशे मुलांदेखत अहो-जाहो केलं आणि त्याच्याकडे त्याचं नाव मागितलं. त्याबद्दल मी वेदांतची माफी मागते. ही माफी जिवंतपणी, गेल्या रविवारी, तोंडीही मागितलेली आहे आणि त्याने ती स्वीकारली आहे.

वरील सर्व मजकूर माझा आहे. कलम सहामधली खाडाखोड माझ्याच हातची असून ती मी पूर्ण शुद्धीवर, वेदांतच्या समोर केली आहे.

सही: साधना श्यामकांत उपासनी

साक्षीदार:

१. फ्राऊ वाल्ट्राउट झेडलमायर, तळमजला. यांना मराठी येत नाही. सही त्यांच्या समक्ष झाली एवढंच त्या सांगतील, आणि कढीलिंबाबद्दल त्यांना अजून माहीत नाही.

२. राजाभाऊ दाबके, रेगेन्सबर्ग. यांनी सर्व वाचलं. कलम सातपाशी चष्मा पुसला आणि सही केली.

स्थळ: गार्चिंग
दिनांक: १८ मे २००८