तिसरं नाव

शनि. ३ जाने.
गुरुजींशी बोललो. अण्णांचं वर्षश्राद्ध १६ ला, शुक्रवारी. ते दुबईत, देराला कार्गो ऑफिसात आहेत, शुक्रवारी अर्धा दिवस, दीडपर्यंत शारजाला पोचतो म्हणाले. "तिन्ही पिढ्यांची नावं आधी पाठवा साहेब. ऐन वेळी लोक आजोबांपर्यंत येतात आणि अडतात, मग इंडियाला फोनाफोनी."
मी अडणार नाही. लहानपणी अण्णांच्या तर्पणाला शेजारी बसायचो. वडील सदाशिव म्हणजे अण्णा, आजोबा विठ्ठल, पणजोबा केशव. पाठवली. खात्रीसाठी आत्यालाही पाठवली.
अण्णांची खुर्ची अजून बाल्कनीत आहे. अनघा तिच्यावर कपडे वाळत टाकत नाही.

रवि. ४
सकाळी सातला आत्याचा व्हॉइस मेसेज. वय सत्याऐंशी, आवाज खणखणीत.
"विनू, केशव कोण म्हणालं तुला? केशव माझा चुलत आजा. सख्खा आजा राघू! राघूदादा! अख्खं परळ टरकायचं त्याला. तुझ्या बापानं त्याचं नाव कधी घेतलं नाही. हेडमास्तर ना तो!"
तीनदा ऐकला. चहा गार झाला.
अण्णांचा सख्खा आजोबा गुंड? अण्णा पोराला "गाढवा" म्हणाले तरी दिवसभर अस्वस्थ असायचे.
आत्याला लिहिलं, सगळं सांग. तिचं उत्तर : "रोज थोडं सांगीन. दम लागतो."

सोम. ५
फुजैराला कामावर जाताना गाडीत ऐकत गेलो. डोंगरातल्या बोगद्यात रेंज गेली, आवाज तुटला. बाहेर पडल्यावर गाडी बाजूला घेऊन पुन्हा लावला.
राघू चौदाव्या वर्षी कोकणातून बोटीनं मुंबईला आला. गोदीत हमाली, संध्याकाळी तालीम. विशीत काठीला पितळी कड्या ठोकून घेतल्या. कड्या वाजल्या की गल्लीतले दुकानदार भराभर फळ्या लावायचे. एकानं लावल्या नाहीत, तर आत बसून त्याचे सगळे पेढे खाल्ले आणि वर पाणी मागितलं.
एकटाच मोठ्यानं हसलो. वर्षभरात पहिल्यांदा असेल.
टर्मिनलवर गेटचा पास घरीच राहिल्याचं कळलं. गार्ड म्हणाला, "क्या हबीबी, आज बहुत खुश?" काय सांगणार.

मंगळ. ६
इराला सांगितलं. तेराव्या वर्षी तिला माझं काही ऐकावंसं वाटलं हेच मोठं.
"अ रिअल गँगस्टर? इन अवर फॅमिली? बाबा, दॅट्स सो कूल!"
अनघा : "शाळेत सांगत बसू नकोस गं." पण जेवताना तिनंच विचारलं, "पुढे काय झालं त्यांचं?"

गुरु. ८
दोन दिवस आत्याचा मेसेज नाही. पाच वेळा फोन बघितला. मीटिंगमध्येही.
शेवटी आला. राघूच्या फेट्याचा रंग, कानातली बाळी, खाणावळीत त्याच्यासाठी वेगळा पाट. त्याचा धाकटा भाऊ केशव गिरणीत, सरळ माणूस. दोघे एकाच चाळीत. केशव त्याच्याशी बोलायचा नाही, पण वडिलांच्या श्राद्धाला दोघे शेजारी बसायचे.

शनि. १०
आजचा मेसेज पहिल्यासारखा नाही.
गिरणीत संप झाला. मालकाच्या माणसांनी राघूला पैसे दिले. त्यानं कामगारांना गेटापाशी झोडपलं. त्यात केशवचा मित्र गेला. दोन लहान मुलं त्याला.
राघू पळाला. पोलीस चार महिने शोधत होते.
इरा शेजारी बसून ऐकत होती. "देन ही इज नॉट कूल." थोड्या वेळानं, "व्हॉट वॉज हिज नेम? द मॅन हू डाइड?"
आत्याला विचारलं. तिला माहीत नाही. तिच्या आजीलाही माहीत नव्हतं म्हणे.

रवि. ११
पकडला कसा, ते आज.
वडिलांचं श्राद्ध राघू चुकवायचा नाही, थोरला मुलगा. हे एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. केशव चौकीत गेला, तिथी सांगितली. भर दुपारी बाणगंगेवर पोलीस साध्या कपड्यांत उभे. राघू पंचा नेसून तर्पणाला बसलेला.
मी विचारलं, एवढा दांडगा माणूस, मारामारी नाही केली?
"हातात दर्भ होता ना रे. मारणार कसा? तिसरी ओंजळ झाली आणि आपणच उठला."
गाडी चालवत असतो तर थांबवावी लागली असती. घरातच होतो, तरी उभा राहिलो.

सोम. १२
राघूला दहा वर्षांची सजा झाली. त्याच्या बायकोला आणि मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, केशवनं सांभाळलं. शिकवलं. आजोबा केशवलाच बाबा म्हणायचे. "दत्तक-बित्तक काही नाही, नुसता जीव लावला," इति आत्या.
राघू सुटून आला तेव्हा मुलगा ओळखेना. काठी नाही, कड्या नाहीत. गल्लीत कुणी फळी लावली नाही. वर्षभरात एका जिन्याखाली वारला. आजोबांनी पुढे केशवचंच श्राद्ध घातलं, अण्णांनीही तेच नाव चालवलं.
आत्या : "ज्यानं बापाची तिथी चुकवली नाही त्याला पाणी कुणी दिलं नाही. विनू, मी जायच्या आत एकदा त्याचं नाव घे."
पण गेल्या हिवाळ्यात अण्णा ह्याच बाल्कनीत मला म्हणाले होते, "माझ्यानंतर हीच तीन नावं. बदलायची नाहीत." मी हो म्हटलं होतं.

मंगळ. १३
गुरुजींना विचारलं. "पाणी कुणालाही देता येतं साहेब. तिसऱ्या पिंडाला मात्र नाव एकच."
केशव नसता तर आम्ही कोण असतो? आणि राघू नसता तर असतोच कुठे?

बुध. १४
आठवलं! कारमध्ये, सिग्नलला. मागचे हॉर्न वाजवत होते.
अण्णा तर्पण संपलं की दरवर्षी तांब्यातलं थोडं पाणी आणखी सोडायचे. न बोलता. मी एकदा विचारलं, "हे कुणाचं?" "कुणाचं नाही. सांडलं."
दरवर्षी सांडायचं. बरोबर तेवढंच.
आत्याला फोन लावून सांगितलं.
"सांडलं म्हणाला सदा?"
"हो."
नाक ओढल्याचा आवाज. मग : "तू सांडू नकोस विनू. काय करायचं ते तोंडानं कर."

शुक्र. १६
दुपारी १.१०. भात झालाय. तीळ, दर्भ, पळी-पंचपात्र मांडलंय. अनघा आत. इराला आज सुट्टी, तिनंच अण्णांची खुर्ची दाराजवळ आणून ठेवली. आत्या व्हिडिओवर, नऊवारीत, कॅमेऱ्यात नुसतं कपाळ. "मी मधे बोलणार नाही. ऐकतेय."
गुरुजींचा मेसेज : खाली पार्किंग शोधतोय, पाच मिनिटं.
दोन्ही नावं मनात म्हणून बघतोय. तर्पणातला केशव अण्णांच्या आवाजात ऐकू येतो, राघू अजून कुणाच्याच नाही.
इरा : "बाबा, हूज नेम?"
म्हटलं, अजून

बेल.