सहावा भाग

३ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

यांचा गुडघा सोडला तर आम्ही सगळे खुशाल. फोनवर मी एकतर रडेन नाहीतर भांडेन, म्हणून पत्र.

काल लेकीनं तुझी शाळेवरची जुनी मालिका कुठूनतरी शोधून काढली. सहा भागांतच बंद पडलेली, तीच. लेखक म्हणून मामाचं नाव झळकल्यावर ती घरभर नाचली. तिला कसं सांगू, की बावीस वर्षांपूर्वी पहिल्याच भागाला मी टीव्ही बंद केला होता आणि पुढचं काही पाहिलं नाही?

सातवीतली मुलगी निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांसमोर भाषण वाचते आणि म्हणते काय, तर सरांना भावपूर्ण श्रद्धांजली! सर चांगले जिवंत, पहिल्या खुर्चीत बसून पाणी पीत होते. पुढे तीन वर्षं अख्खी शाळा मला श्रद्धांजली म्हणूनच हाक मारायची. तेव्हा तूच मला घरी आणलंस, भाषणाचा कागद फाडून टाकलास, आणि मग तूच ते चव्हाट्यावर मांडलंस. मी त्यानंतर चार माणसांत कधी बोलायला उभी राहिले नाही. लग्नकार्यात तुझ्याशी हसून बोलते, पण मनातला सल तसाच आहे. आता पन्नाशी आली, म्हणून एकदाच विचारते. असं का केलंस?

वहिनीला नमस्कार. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तुझी
ठमी

९ जून

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून छापखान्यात एक प्रूफ धड तपासता आलं नाही. मालकांना वाटलं, माझा चष्मा बदलायला झालाय.

म्हणजे तू सहावा भाग पाहिलाच नाहीस? अगं बाई, मी तर बावीस वर्षं समजत होतो की तू पाहिलास आणि मला माफ केलं नाहीस!

तू वाचायला चुकली नव्हतीस. कागदावर तसंच होतं, माझ्या अक्षरात. मैदानावर सगळे मित्र खेळायला खोळंबले होते, म्हणून तुझं भाषण मी घाईघाईत खरडून दिलं. लिहायचं होतं ‘भावपूर्ण निरोप’. पण ‘भावपूर्ण’ लिहिलं की पुढचा शब्द ठरलेलाच, पेन आपल्या वाटेनं गेलं. कागद फाडला तो तुझ्यासाठी नव्हे, माझं पितळ उघडं पडू नये म्हणून. आई तुला रागावली तेव्हाही मी मिठाची गुळणी धरून बसलो.

तोंडानं कबूल करायची छाती नव्हती, म्हणून मालिका लिहिली. सहाव्या भागात मोठा भाऊ सगळ्या शाळेसमोर खरं सांगतो. वाहिनीनं पाचव्यातच गाशा गुंडाळायला सांगितलं होतं. त्या एका भागासाठी मी लोकांच्या हातापाया पडलो, आणि मग तुझ्या पत्राची वाट पाहत राहिलो.

माझा अपराध पोटात घाल. नाही जमलं तर तसं कळव, पण गप्प राहू नकोस.

तुझा
दादा

१५ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

सहावा भाग दोनदा पाहिला. तुझं काम करणारा नट म्हणजे नुसता ओंडका, आणि त्याच्या मिशा दहावीतल्या मुलाच्या खचितच नव्हेत. पण तो खरं सांगायला लागला आणि मी ढसाढसा रडले. लेक घाबरली. मग मी हसत सुटले, तेव्हा जास्तच घाबरली.

दादा, किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! मी चुकलेच नव्हते. प्रयोगशाळेत रक्ताचा प्रत्येक अहवाल मी तीन-तीनदा वाचून सही करते, सगळ्याजणी हसतात. परवा एकदाच वाचला आणि सही केली. बरोबर होता.

कागदाचं मी सोडून दिलं, पंधरा वर्षांचा तर होतास. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तू माझ्या पत्राची वाट बघत बसलास आणि मी तोंड फुगवून बसले. दोघंही शहाणे! आई गेली तेव्हासुद्धा आपण शेजारी बसून परक्यांसारखे रडलो. हे मला अजून गिळवत नाही.

तेव्हा रविवारी वहिनीला घेऊन ये. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार वगैरे सगळं समोरासमोर होईल. आधी मला तुझ्याशी सख्ख्या बहिणीसारखं भांडायचंय.

तुझी
ठमी