कबरघराचे कुलूप

मी, अनासेतो विलारुस, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार तोंदो, मनिला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध हरपण्याची वाट पाहणाऱ्या नातलगांची निराशा होईल.

१. राहते घर बहीण पुरिता हिला. ती माझ्या भाषणांत झोपत असे, पण खोटी टाळी तिने कधी वाजवली नाही.

२. भाऊ फॉर्तुनातो यास जेवणाचे मोठे टेबल. त्यावर भात चिवडत तो म्हणाला होता, "हे रस्त्यावरचे लोक मेलेल्यांच्या उरावर चुली मांडतात!" आता त्याने तिथे एकट्याने जेवावे.

३. दफनभूमीतील आमचे कबरघर, छप्पर, खिडक्या व लोखंडी दारासह, रोसेंदा सालोंगा हिला. ती व तिचा नवरा दोमेंग तिथे अकरा वर्षे राहिली. आईची कबर रोज पुसत. दरवर्षी सर्व संतांच्या सणाला, आम्ही कबरीवर फुले वाहायला पोहोचण्याआधी, भांडी-अंथरुणे हातगाडीत भरून निघून जात; आमच्या नजरेला त्यांचा त्रास नको म्हणून. सात वर्षांपूर्वी दोमेंग तापाने फणफणला होता, म्हणून दोघे तिथेच थांबली. त्याला आईच्या कबरीवर निजवलेले पाहून मी ओरडलो, "ही माझ्या आईची जागा आहे. चालते व्हा!"

रोसेंदा म्हणाली, "आईंनी कधी हाकललं नाही हो, मास्तर. आजचा दिवस राहू द्या."

त्यांना बाहेर काढून मी दाराला कुलूप घातले. त्याच आठवड्यात चौकात बेघरांच्या हक्कांवर दीड तास बोललो. टाळ्या भरपूर पडल्या. दोमेंग दफनभूमीच्या भिंतीकडेला, हातगाडीखाली, पावसात मेला. रोसेंदा अजून त्या भिंतीकडेलाच राहते.

४. कबरघरात आईशेजारचा रिकामा कप्पा माझ्यासाठी आहे; दगडावर नावही कोरून ठेवले आहे. ते खरवडून दोमेंगचे नाव कोरावे व त्याच्या अस्थी तिथे ठेवाव्यात. मला सार्वजनिक जमिनीत पुरावे. भाषण कोणी करू नये.

५. वरील मजकूर आज सकाळी साक्षीदारांसमोर वाचला. रोसेंदाला मुद्दाम बोलावले होते. वाटले, ती रडेल.

"म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी बाहेरच?" ती म्हणाली. "तब्येत तर ठणठणीत दिसतेय तुमची!"

साक्षीदारांपैकी दगड कोरणारा मेल्चोर हसला. मला हसता आले नाही.

म्हणून कलम तीन माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू. गेल्या सणानंतर वर्षभरात गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. मेल्चोरने ते छिन्नीने तोडले. फॉर्तुनातोने नवे आणू नये, कडीच उपटली आहे.

रोसेंदाने आभार मानले नाहीत. आत जाऊन तिने आधी आईची कबर पुसली. सात वर्षे आम्ही धुळीवरच फुले ठेवत होतो.

स्वाक्षरी: अनासेतो विलारुस
साक्षीदार: मेल्चोर दिमाला, दगड कोरणारा, सिप्रियाना आबाद, शिक्षिका, तेओदुलो पांगान, कबरी खोदणारा
मनिला, २८ ऑक्टोबर २०१९