राहून गेलेले रोजे

लंडन, ऑन्टारिओ
मंगळवार, २९ सप्टेंबर २००९

आज दुपारी क्लिनिकमध्येच रोजा तोडावा लागला. शुगर एकदम खाली गेली, हात थरथरायला लागला, नर्सने ज्यूस पाजला. डॉक्टर म्हणाल्या, "नो मोअर फास्टिंग. एव्हर."

मला एकदम आदिलच्या वेळचे रोजे आठवले. तो अंगावर पीत होता म्हणून अख्खा रमजान सुटला. नंतर भरून काढीन म्हटलं होतं. त्याला बारा वर्षं झाली.

आणि ईदनंतरचे सहा नफल रोजे, जे धरलेच पाहिजेत असं नाही, ते मात्र दरवर्षी हौसेने धरले. का? ते आम्ही सगळ्या बायका मिळून धरतो, मशिदीच्या बेसमेंटमध्ये इफ्तार होतो, कौतुक होतं. राहिलेले फर्ज, म्हणजे धरलेच पाहिजेत असे, रोजे एकटीने धरायचे. ते कोण बघतंय? महाडला माझी अम्मी सांगायची, आधी फर्ज, मग नफल. ऐकलं कुठे मी!

आदिल म्हणतो, "अम्मी, जस्ट फीड समवन फॉर ईच डे. इट्स अलाउड." ठाऊक आहे मला. पण ती सवलत आजाऱ्यांना. बारा वर्षं मी तर धडधाकट होते. वर अल्लाहला काय सांगू?

आत्ता मशिदीतल्या रझियाआपांचा फोन येऊन गेला. "उद्या तुझा सहावा ना गं? इफ्तारला तुझी जागा धरून ठेवते."

"हो आपा, येते."

आजचा पाचवा तर मोडला, तरी हो म्हणाले मी! कुणाच्या भीतीने? अल्लाहच्या तर नक्कीच नाही.